मागचं वावर

फळबागेच्या कार्यशाळांना मी इतकी वर्षं जातो आहे की आता हॉलमध्ये शिरल्यावर फ्लेक्स वाचावा लागत नाही. वर मान्यवरांचे फोटो, खाली नवी तारीख, आणि कोपऱ्यात संत्र्याचं तेच चित्र. इतकं केशरी फळ आमच्याकडे कुणाच्याच बागेत पिकत नाही. दीपप्रज्वलन होतं, पंख्यानं दिवा विझतो, मग पंखा बंद करून पुन्हा लावतात. नंतर शाल आणि नारळ. शालींचा घरी गठ्ठा झाला आहे. बायको त्यातली एकेक काढून हिवाळ्यात कुत्रीच्या पिल्लांखाली घालते.

मला 'प्रगतिशील शेतकरी' म्हणून बोलावतात. दहा मिनिटं देतात. मी तेच बोलतो: संत्र्याला निचऱ्याची, मुरमाड जमीन पाहिजे. लावायच्या आधी खड्डा खणा, तो पाण्यानं भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी जिरलेलं असलं तर लावा. तसंच दिसलं तर संत्र्याचा नाद सोडा. लोक हे लिहून घेतात. काहीजण मोबाइलवर माझं बोलणं टिपतात. बोलताना माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, इतका तो आता आपोआप निघतो.

जेवणानंतर शिवारफेरी असते. म्हणजे बसमध्ये बसून माझी बाग पाहायला यायचं. बाग अमडापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. उताराची, पायाखाली मुरूम. झाडं खरोखर चांगली आहेत. बस रस्त्यावर थांबते, लोक पहिल्या ओळींमध्ये हिंडतात, फांदी हातात धरून फोटो काढतात, बायकोनं केलेला मठ्ठा पितात आणि निघून जातात.

त्या बागेच्या मागे, नाल्याला लागून, माझं आणखी एक वावर आहे. काळं, भारी. पुढची बाग गाजली तेव्हा मी हुरळून तिथेही संत्रा लावला. खड्ड्यात पाणी भरून पाहिलं नाही. लोकांना सांगायची गोष्ट आपण स्वतः करायची असते, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. झाडं सुरुवातीला छान वाढली. मग बुंध्यातून डिंक गळायला लागला, साल कुजली, पानं झडली. आमच्याकडे त्याला डिंक्या म्हणतात. निम्मी झाडं जेसीबीनं काढून बांधावर टाकली, निम्मी नुसत्या काड्यांसारखी उभी आहेत. तिकडे मी बस कधी नेली नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी मनाला समजावत आलो. पण रस्त्यावरून दिसतच नाही, तर विचारणार कोण?

बायको मात्र दरवेळी मठ्ठा घुसळताना विचारायची, "आजचे पाव्हणे बी समोरचेच झाडं पाहून जातीन का?"

माझी धाकटी बहीण शेगावच्या पलीकडे, पूर्णा नदीच्या बाजूला दिली आहे. तिकडची जमीन म्हणजे पावसाळ्यात पाय रुतवणारी काळी माती. ती दर आठवड्याला फोन करते. हरभऱ्याचं पान पिवळं पडलं, तुरीत अळी आली, सगळं मला विचारते. गेल्या हिवाळ्यात तिनं सांगितलं की कपाशीचा कंटाळा आला, आता संत्रा लावायचा. वावर मोकळं करून खड्डे खणून घेतले, उन्हाळाभर तापू देणार, आणि रोपवाटिकेत कलमंही सांगून ठेवली. सासरचे तयार नव्हते. तिनं माझ्या नावावर त्यांना तयार केलं होतं.

मी फोनवर "पाहू" एवढंच म्हणालो. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि मागच्या वावराचं मी तिलाही बोललो नव्हतो. माहेरी ती सणावारालाच येते, घरातूनच परत जाते. सासरी मात्र वर्षानुवर्षं भावाच्या बागेचं कौतुक सांगते.

फाल्गुनात खामगावला कार्यशाळा झाली. ती नवऱ्याला घेऊन आली आणि बायकांच्या रांगेत बसली. माझं बोलणं संपलं, प्रश्न सुरू झाले, तेव्हा माइक तिच्या हातात होता.

"सर, मले एक इचारायचं होतं," ती म्हणाली. तिनं मला दादा म्हटलं नाही. सगळ्यांसमोर भावाला अडचण नको म्हणून असेल. "आमचं वावर पूर्णेकडचं हाये. भारी जमीन. खड्डे खंदून झाले. संत्रा येईन का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "पूर्णेकाठी संत्रा? बाई, त्याच्यापेक्षा मासोळ्या पाळा न!"

हॉल हसला. तीही हसली, पण बसली नाही. माझ्याकडे पाहत उभी राहिली. शेजारच्या खुर्चीतले आयोजक साहेब माझ्या कानाशी झुकले. "सकारात्मक सांगा, सर. लोकायचा उत्साह जायले नाही पाह्यजे."

साहेबांवर ढकलावं असं पुष्कळदा वाटलं. पण ते बोलले नसते तरी मी तेच सांगितलं असतं. मी म्हणालो, "उंच गादीवाफ्यावर लावलं, चर नीट काढले, तर येऊ शकतं."

ती खाली बसली आणि नवऱ्याकडे पाहून तिनं मान हलवली. जेवणाच्या रांगेत तिचे मालक, आमचे जावई, ताट घेऊन माझ्यामागे उभे होते. म्हणाले, "बरं झालं दादा, तुमच्या तोंडून निघालं. आता आमचा बुडा बाप काही म्हनत नाही." मी भात वाढून घेतला.

दुपारी बस बागेवर आली. फोटो झाले, मठ्ठा झाला. साहेब घड्याळ पाहायला लागले आणि मला दिसलं की बहीण कुठे नाही. मागच्या नाल्यावर चिंचेचं एक झाड आहे. लहानपणी फाल्गुन लागला की ती तिथेच सापडायची, गाभुळलेल्या चिंचा चोखत. मला हे आठवायला हवं होतं. आठवलं तेव्हा ती बागेतून परत येत होती, पदराच्या ओच्यात चिंचा.

"दादा, मांगचे झाडं कोनं काढले?"

"मीच."

"काऊन?"

"डिंक्या आला. जमीन भारी हाये तिकडची."

"कवाची गोष्ट?"

"झाले दोन-तीन साल."

तिनं ओच्यातली एक चिंच उचलली, पाहिली, परत टाकली. आवाज चढवला नाही. "सकाळी त्या मानसानं मासोळ्या पाळा म्हतलं ना दादा, त्यानं खरं सांगतलं. तू नाही सांगतलं."

आणि ती बसमध्ये जाऊन बसली. मी बसच्या पायरीवर चढलो. म्हणालो, अजून एक वावर दाखवायचं राहिलं आहे. मागच्या सीटवरचे दोघे-तिघे उठलेही. साहेब म्हणाले, "सर, आता नोको. लोकायले पुढच्या गाड्या हायेत." मला आग्रह धरता आला असता. मी खाली उतरलो. खिडकीत ती समोर पाहत होती. बायकोनं मठ्ठ्याचे रिकामे ग्लास गोळा केले.

तिनं रोपवाटिकेला कलमं नको म्हणून सांगितल्याचं मला जावयांच्या फोनवरून कळलं. तिचे फोन येत राहिले, पण त्यांत लेकरांच्या परीक्षा असायच्या, आईच्या गुडघ्याचं असायचं. अळीचं, पिवळ्या पानाचं नसायचं. ते ती आता दुसऱ्या कुणाला विचारते. कुणाला, हे मी विचारलं नाही.

पोळा झाल्यावर मी तिच्याकडे गेलो. पाऊस उघडून बरेच दिवस झाले होते, वाटेतला चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तिनंच वावरात नेलं, जावईही सोबत आले. सोयाबीन उभं होतं, आणि मधून मधून, ओळीनं, ते खड्डे. बुजवलेले नव्हते. प्रत्येक खड्ड्यात काठोकाठ पाणी होतं. आभाळ दिसत होतं त्यात. एका खड्ड्याच्या काठावरून बेडकानं उडी मारली.

"बुजवले नाहीत?" मी विचारलं.

"नाही. तुझ्या भाषनातलं करून पाहू म्हतलं. रातभर कायचं, पंधरा दिवस झाले, तसंच हाये."

जावई म्हणाले, "दादा, आता सोडू का मासोळ्या?"

ती खळखळून हसली. हॉलमध्ये हसली होती तशीच. मलाही हसायला पाहिजे होतं. मी खड्ड्याशी वाकून हात बुडवला. पाणी गरम होतं.

चहा पिऊन निघालो तेव्हा ती रस्त्यापर्यंत सोबत आली. मी मोटारसायकलला किक मारली तशी म्हणाली, "पुढच्या खेपेले बस आनशीन तर इकडं बी आन. तुझं मांगचं वावर दाखव, अन् मंग आमचे खड्डे. तोवर बुजवत नाही आम्ही."

मी हो म्हणालो.

कार्यशाळा पुन्हा तोंडावर आली आहे. फ्लेक्सवर छापायला साहेबांनी माझा फोटो मागून घेतला. शिवारफेरीचा रस्ता बदलायचा आहे, हे मला त्यांना सांगायचं आहे. फोन दोनदा उचलला. अजून सांगितलेलं नाही.