जावयानं सांगितलेला बर्फ

आता काय सांगू तुम्हाला! माणसानं भूगोल जरूर शिकवावा, पण सासुरवाडीत शिकवू नये.

मी दारव्ह्याला भूगोलाचा मास्तर. अधिक महिन्यात जावयाचा मान म्हणून घाटंजीला धोंड्याच्या जेवणाला गेलो होतो. समोर मामाजी, म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर कापूस पिकवलेला माणूस. पुरणाचे चार धोंडे पोटात गेले आणि माझी जीभ सुटली.

"मामाजी, उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावरचा बर्फ उन्हाळ्यात वितळते. सप्टेंबरात सगळ्यात कमी उरते. यंदा तर मागच्या सालापेक्षाही कमी उरणार. लिहून घ्या!"

"यंदाचंच कसं सांगता जी?"

"काहून? वर्षानुवर्षं घटूनच राह्यला ना तो!"

"घटत असंन. पण एका सालाचं कोण सांगते? वावराच्या धुऱ्यावर उभं राहून मले माह्या पऱ्हाटीले यंदा कापूस किती लागंन सांगता येत नाही. तिकडे तर वारा हाय, ढग हायेत."

मास्तराला शिकवतात म्हणजे काय! मी तडकलो. "चुकलो तर सीतादहीच्या दिवशी, पहिल्या वेचणीला, तुमच्या वावरात कापूस वेचीन. बायांच्या रांगेत!"

सासूबाईंचा वाढता हात थांबला. जावई आणि कापूस वेचणार? बायकोनं डोळे वटारले. मामाजी फक्त "बरं" म्हणाले.

जुलैभर बर्फ भराभर घटत होता. रोजचा नकाशा मी सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकायचो, वर हसरे चेहरे! ऑगस्टात मात्र तिकडे ढग दाटले, वारा फिरला, वितळणं मंदावलं. सप्टेंबरात पाहतो तर काय, मागच्या वर्षीपेक्षा बर्फ जास्त! वाटलं, ग्रुप सोडून पळावं. पण तो काढला होता मीच.

पहिल्या वेचणीला वावरात दहीभाताचा नैवेद्य झाला. मी कमरेला फडकं बांधलं.

"किती वेचसान?" मामाजींनी विचारलं.

"चाळीस किलो तर कुठेच नाही गेले!" बघा, खोड जाते का?

वेचणाऱ्या बायांची म्होरकी वच्छलाबाई दिवसभर हसत होती. "बाप्पा! जवाईबापू कापूस वेचून राह्यले का पऱ्हाटी उपटून राह्यले?"

संध्याकाळी काटा लागला. चार किलो! त्यात निम्मा पालापाचोळा.

वच्छलाबाईनं माझं फडकं झटकलं. "पुढच्या साली जवाईबापूले कोणी वावरात पाय ठेवू देत नाही. लिहून घ्या!"

वर्षभर आधी केलेला अंदाज इतका पक्का असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.