गोदावरीकाठून गाडी का वळली

“थंडीला भिऊन दक्षिणेला पळाले, आणि घराच्या आठवणीने चौथ्या दिवशी रडत परत आले. असे आमचे काका!”

हे वाक्य नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या सोसायटीच्या सचिवांनी गेल्या महिन्यात या काकांच्या शोकसभेत उच्चारले, आणि सभा हसली. शोकसभेतही हसू यावे असाच तो माणूस होता. हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वाक्याबद्दल आहे. त्याचा पूर्वार्ध अतिशयोक्त आहे आणि उत्तरार्ध साफ खोटा. दक्षिणेला गेलेल्या त्या गाडीत दोनच माणसे होती. एक गेला. दुसरा हे लिहीत आहे.

वाचकहो, असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. चहाचा कप हाती आला की तो पिण्याआधी उजेडाकडे धरायचा आणि म्हणायचा, “थांब गा, रंग पाहू दे.” ही सवय त्याला भट्टीने लावली होती. हिंगण्याच्या कारखान्यात तो पोलाद तापवून, ते कठीण व्हावे म्हणून त्याला पाणी पाजायचा, आणि ते किती तापले हे नुसत्या रंगावरून सांगायचा. मी तपासणी विभागात होतो. त्याच्या भट्टीतून आलेल्या प्रत्येक तुकड्यावर संशय घेण्याचाच मला पगार मिळत असे.

“किती वेळ ठेवला होता हा माल?”

“घड्याळ नाही पाहिलं. रंग पाहिला.”

“रंग कागदावर लिहिता येत नाही.”

“मंग नको लिहू. ठोकून पाह्य.”

मी यंत्रावर तपासायचो. कठीणपणा बरोबर यायचा. पुन्हा तपासायचो, पुन्हा बरोबर यायचा, आणि माझा संशय वाढायचा.

तीस वर्षे भट्टीसमोर उभे राहिलेल्या शरीराला थंडी सोसत नाही. हा शरीराचा धर्म आहे. सचिवांनी त्याला भित्रेपणा म्हणू नये. आम्ही दक्षिणेला गेलो त्या वर्षी शिवरात्र उलटली तरी नागपुरातून थंडी हलेना. गारपीट झाली, फाल्गुनात लोक कानटोप्या घालून फिरू लागले. एका सकाळी तो तीन स्वेटर घालून माझ्या दारात उभा राहिला.

“चाल गा, दक्षिणेले जाऊ. ऊन दिसलं का तंबू ठोकू.”

“किती दूर?”

“स्वेटर निघेपर्यंत.”

त्याने जुन्या व्हॅनमधली मागची आसने काढून फळी बसवली होती. ताडपत्रीचा तंबू, लहान गॅस, दोन गाद्या आणि कन्याकुमारीपर्यंतचा नकाशा तयार होता. कारणावाचून मला कोणी बोलावत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून विचारले, “पण मलेच काहून?”

“तू चुका काढतं नं. रस्त्यात कामी येशीन.”

पहिला मुक्काम पांढरकवड्याच्या पुढे, पैनगंगेच्या काठी. त्याने तंबू उभारला. दोन दोर सैल असल्याचे मी दाखवून दिले. त्याने निमूटपणे चारही खुंट्या उपटून पुन्हा ठोकल्या. दुसऱ्या दिवशी आदिलाबाद ओलांडले, घाट उतरलो आणि निर्मळच्या पुढे गोदावरी गाठली. तिथे ऊन होते. त्याने एक स्वेटर काढून झुडपावर टाकला, मग दुसरा, मग तिसरा, आणि नुसत्या बनियनवर तो वाळूत बसून राहिला. इतका सुखी माणूस मी कारखान्यात पाहिला नव्हता, लग्नकार्यातही पाहिला नव्हता. अशा ठिकाणाहून हा माणूस घर आठवून पळाला, असे सचिव सांगतात!

तिसऱ्या दिवशी दुपारपासून तो माझ्याकडे पाहू लागला. भट्टीतल्या तुकड्याकडे पाहावे तसा.

“काय पाहून राहिला?”

“काही नाही गा. तू जेव.”

संध्याकाळी फोन घेऊन तो बाभळीमागे गेला आणि हलक्या आवाजात बराच वेळ बोलत राहिला. परत आल्यावर विचारले, तर म्हणाला, “घरी.” मला ते पटले नाही. घरी बोलताना तो सारा नदीकाठ ऐकेल एवढ्या मोठ्याने ओरडत असे.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने तंबू गुंडाळला, गाडीचे तोंड उत्तरेकडे केले आणि एका दमात नागपूर गाठले. गाडी बिघडली होती, असे तळमजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक सांगतात. बिघडलेली गाडी असे अंतर कापत नाही. प्राध्यापकांनी विषय सोडावा.

सोसायटीच्या फाटकातच टोळके बसले होते. “काय काका, झाली कन्याकुमारी?”

“मले नाही करमलं बा,” तो म्हणाला. “घर आठवलं.”

सगळे हसले. मी शेजारी पिशवी घेऊन उभा होतो. पाण्याच्या टाकीच्या पाटीवरचे एक चुकीचे वाक्य बदलून घेण्यासाठी दोन वर्षे भांडलेला मी, त्या वेळी गप्प राहिलो. पुढेही राहिलो. दर फाल्गुनात तो फाटकाजवळच्या कठड्यावर स्वेटर घालून बसे. कोणी विचारी, “काका, दक्षिण कशी आहे?” तो कप उजेडाकडे धरून म्हणे, “गरम आहे.” त्या वेळी त्याने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. पाहिले असते, तर कदाचित मी बोललो असतो.

शोकसभा संपल्यावर त्याची बायको माझ्याजवळ आली. “भाऊजी, तुमी तं होते नं संगं. खरंच रडले होते काय ते?”

“नाही.”

“मंग काहून परतले? मलेबी सांगितलं नाही कधी.”

मी घरी येऊन लिहायला बसलो. तिला हे वाचून दाखवले जाणार आहे, म्हणून सगळे लिहितो.

बाभळीमागचा तो फोन आमच्या डॉक्टरांना होता. त्या दुपारी मी त्याला एकच प्रश्न चार वेळा विचारला होता. माझ्या रक्तातले मीठ, म्हणजे सोडियम, फार उतरून डोक्यात गोंधळ झाला होता, असे नागपुरात तपासणीत निघाले. आठवड्याभरात मी पूर्ववत झालो. तेव्हा माझ्या आजच्या स्मृतीवर कोणी बोट ठेवू नये. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाची ही गोष्ट फाटकात सांगायची नाही, असे त्याने परस्पर ठरवले आणि भित्रा हे नाव स्वतःकडे घेतले.

चौथ्या दिवशी सकाळी, तंबू गुंडाळण्याआधी, तो महामार्गावर अनवाणी धावत आला. मी स्वच्छ शर्ट घालून, डब्यात आदल्या दिवशीच्या पोळ्या भरून कडेला उभा होतो.

“कुठं निघाला गा?”

“पहिली पाळी आहे. सरक, बस दिसत नाही.”

तो हसला नाही. माझ्या शेजारी उभा राहून त्यानेही थोडा वेळ रस्त्याकडे पाहिले. मग म्हणाला, “आज बस येत नाही गा. चाल, मी सोडतो तुले.”

सचिवांनी आपल्या दप्तरात एवढेच नोंदवावे: निवृत्तीनंतर एकोणीस वर्षांनी, गोदावरीच्या काठी, हिंगण्याच्या बसची वाट पाहत उभा होतो तो मी.