विहिरीवर गेलेली बाई

आमचे हे शाळेत ग्रंथपाल होते. शाळा जळकोटपासून जवळच. कितीतरी वर्षं अर्धवेळ, मग पूर्णवेळ. ग्रंथालय म्हणजे खेळाच्या सामानाच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं. त्यांच्या किल्ल्या हे करदोड्याला बांधायचे. कुठल्या पोराला काय वाचायला आवडतं, हे त्यांना त्या पोराच्या आईबापापेक्षा जास्त ठाऊक असायचं.

जेवतानाही पुस्तक तांब्याला टेकवलेलं. भाकरी संपली तरी हात ताटात फिरत राहायचा. सासूबाई म्हणायच्या, "आरं, आता ताट खाशील." हे हसायचे आणि पान उलटायचे.

उन्हाळ्याच्या सुटीत हे फाटकी पुस्तकं पोत्यात भरून घरी आणायचे. शाळेत बांधणी करणारं कोणी नव्हतं. खळ मी शिजवायचे. मैदा, पाणी, आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायचं, वर खाकी कागद चिकटवायचा.

हे काम मला फार आवडायचं. का, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझी शाळा चौथीपर्यंत. नवरा एवढा वाचणारा, त्याच्यापुढं मीपण वाचते म्हणायची लाज वाटायची. त्यांची स्वतःची पुस्तकं फळीवर असायची, पण तिथलं काढलं तर सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून मी सुई हातात धरून मांडीवरचं पान वाचायचे, बोट लावून, सावकाश. पावलं वाजली की दोरा ओढायचे.

"एका पुस्तकाला सारा दिस?" सासूबाई म्हणायच्या. "येवढ्यात आमी गोधडी शिवतो."

एका वर्षी गोष्टींची दोन पुस्तकं सुटी झालेली होती. पानं एकाच मापाची. बाहेरून हाक आली, मी घाईघाईनं दोन ढीग केले आणि दोन्ही शिवून टाकले.

शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी हे त्यातलं एक पुस्तक घेऊन आले. सहावीतल्या मुलीनं ते परत केलं होतं. म्हणाली होती, "सर, बाई विहिरीवर गेली आन् पुढच्या पानावर कासवच बोलायलंय. बाईचं काय झालं?"

"अशी कशी चूक झाली?" यांनी मला विचारलं.

आता पोतं घरी येणं बंद होणार, एवढंच डोक्यात. मी खाली बघून म्हणाले, "ती बाई घागर काठावर ठेवून माहेरी निघून गेली. ती पानं कासवाच्या पुस्तकात गेली असतील."

हे म्हणाले, "तुला काय माहीत?"

सासूबाई डाळ निवडत होत्या. मी काही सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, "वाचती ती. म्या लई वर्सं बघायलेय. सुईत दोरा नसला तरी सुई हातात. गावाच्या पोरांचं सारं कळतंय तुला, घरातलं कळंना व्हय?"

यांनी ते पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. दुसरा कोणी असता तर आईवर चिडला असता, नाहीतर मला हसला असता. हे म्हणाले, "उद्या ती पोरगी विचारील. पुढं काय झालं ते मला नीट सांग."

जेवताना मी सांगितलं. अडखळत, मध्येच मागं जाऊन. त्या दिवशी तांब्याला पुस्तक नव्हतं. हे घास हातात धरून ऐकत होते. बाईच्या माहेरचं सांगताना त्यांनी दोनदा विचारलं, "मग?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कासवाचं पुस्तकही आणलं. मी दोन्ही उसवली. "घाई करू नको," ते म्हणाले, "आधी सगळं वाच, मग शिव." त्यानंतर पोतं आलं की हे मला विचारायचे, यातलं चांगलं कोणतं. मी सांगितलेलं पुस्तक ते शाळेत पोरांना वाचायला सांगायचे.

आता हे निवृत्त झालेत. पोतं येत नाही. फळीवरचं पुस्तक मी माझ्या हातानं काढते, आणि जेवायला बसताना आम्हाला दोन तांबे लागतात.