हिराजीमामांचा पांढरा शर्ट

काल हिराजीमामांच्या मयतात मी हसले.

लोकांनी बघितलं. बघू देत.

शववाहिनी सुरू झाली आणि मागून काळाकुट्ट धूर निघाला. मामांचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. मामा उठून बसले असते ना, तर ड्रायव्हरला पहिला प्रश्न हाच विचारला असता, "पीयूसी हाय का?"

ज्यांना मामा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते.

नव्वदच्या दशकात नवी मुंबईत पावणे गावाला, एमआयडीसीच्या रस्त्यावर, आमचं ट्रकचं पीयूसी सेंटर होतं. आमचं म्हणजे शेठचं. शेठ वाशीच्या ऑफिसात बसायचे. सेंटर सांभाळायचे मामा, पावणे गावचेच.

मी डिप्लोमा करून नुकतीच लागले होते. एक महिना ट्रायल.

शेठनी पहिल्याच दिवशी ऐकवलं, "ट्रकवाल्यांत मुलगी टिकत नाही. एक चूक, की घरी."

आणि घरी आईने कांदेपोह्यांची पूर्ण तयारी करून ठेवली होती. नोकरी गेली की मी गेले. त्यामुळे मी जीव तोडून काम करायची.

काम तसं साधं. स्मोक मीटरची नळी ट्रकच्या सायलेन्सरमध्ये घालायची. ड्रायव्हरने गाडी न्यूट्रलवर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. धूर मशीनमधल्या काचेसमोरून जायचा आणि आकडा यायचा. पासष्टच्या वर गेला की फेल.

मामांचं मशीन वेगळं होतं. पांढरा शर्ट.

रोज धुतलेला पांढरा शर्ट घालून यायचे आणि रेस मारताना ट्रकच्या मागे जाऊन उभे राहायचे. मग शर्ट बघायचे. "आधी शर्ट, मंग मशीन."

घरी कपडे धुताना मामी आमच्या सगळ्या सेंटरचा उद्धार करायची.

पण सर्टिफिकेट मात्र मशीनच्या आकड्यावरच. ओळख, वशिला, चहा, काही चालायचं नाही. सख्ख्या मेहुण्याचा डंपर फेल केला. मेहुणा वर्षभर बोलला नाही. मामा म्हणाले, "बरा जाला. घरान शांतता हाय."

तर, दसरा आला.

मामा म्हणाले, "पोरी, मशीनची पूजा नीट कर. तिच्यावर आपला पोट हाय."

मी केली ना नीट. झेंडू, अगरबत्ती, नारळ. आणि हळदकुंकू. इंजिनिअर असल्यामुळे बाहेरच्या डब्यावर माझं समाधान झालं नाही. झाकण उघडून मशीनचं खरं काम जिथे चालतं तिथे, आतल्या काचेवर, श्रद्धेने कुंकवाचं बोट टेकवलं.

हसा. मी पण आता हसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकची ही रांग. रोज टेस्टच्या आधी मशीनचा झिरो करायचा असतो. मोकळ्या हवेत आकडा शून्यावर येतो का बघायचं. गर्दी बघून मी तो केलाच नाही.

पहिला ट्रक फेल. दुसरा फेल. तिसरा, चौथा.

पाचवा इस्माईलभाईंचा, उरणकडचे. स्वतःचा एकच ट्रक, वर कंटेनर. तोही फेल.

"मामा, डिझेल पंप कालच करून आणलाय. शर्ट बघा तुमचा, डाग हाय का? लिहून द्या ना. दुपारी न्हावा शेवा बंदराचा गेट बंद झाला, बोट गेली, तर पार्टी मला परत माल देनार नाय."

मामांनी शर्ट बघितला. पांढराशुभ्र.

मागचे ड्रायव्हर ओरडायला लागले, लिहा लिहा.

"शर्टावर सर्टिफिकेट मिलत नाय," मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "झिरो दाखव."

मी नळी बाहेर काढली. मोकळ्या हवेत आकडा पस्तीसवर उभा. खाली यायलाच तयार नाही.



मामांनी झाकण उघडलं. आत बघितलं. माझ्या बोटाकडे बघितलं. बोट अजून लालच होतं. शर्टाचं टोक ओढलं, ओलं केलं आणि काच पुसली.

तेवढ्यात शेठची गाडी. कोणीतरी फोन केला होता.

"कोणी केलं हे?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात मामा पुढे झाले. शर्टाचं लाल टोक वर धरलं.

"मीच लावला कुकू. म्हातारा जालो, चुकलो."

शेठनी सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्यांना झाडलं. केस पिकलेला माणूस मान खाली घालून ऐकत होता. मी ओढणीत बोट लपवून उभी. इस्माईलभाईंनी सगळं बघितलं होतं.

शेठ गेल्यावर झिरो केला, पाचही ट्रक परत तपासले. चार पास. एक खरंच फेल, त्याला मामांनी खरंच परत पाठवला. इस्माईलभाईंना गेट मिळालं.

मी म्हटलं, "मामा, खोटं का बोललात?"

"मशीन खोटा बोल्ली नाय, शर्ट पन नाय. मी यकदा बोललो त काय जातंय." मग बोट रोखून, "पन झिरो केल्याबिगर नलीला हात लावलास त मीच घरी पाठवीन."

मी टिकले. आज माझं स्वतःचं सेंटर आहे. कांदेपोहे नंतर झाले, माझ्या वेळेने.

हे मी शेठना कधीच सांगितलं नाही. मामांना धड थँक यूसुद्धा म्हटलं नाही. ते राहिलंच.

काल उरणहून इस्माईलभाई आले होते, काठी टेकत. मला बाजूला घेतलं.

"जिंदगीत एकच खोटा सर्टिफिकेट दिला मामानी," म्हणाले. "तुला."

आज सकाळी सेंटर उघडलं. बाहेर तीन ट्रक उभे होते.

आधी झिरो केला.

मग रडले.

या आता, मामा. तुमच्या पोरीचा नमस्कार.