माउसच्या जागी कीबोर्ड

मंडळी, आज मान खाली घालून लिहितोय.

गणपतीसाठी हॉलमधलं कॉम्प्युटरचं टेबल हलवलं होतं. काल विसर्जनानंतर सगळ्या वायरी मीच परत जोडल्या. सकाळी कीबोर्ड चालेना, माउसही हलेना. मुर्ध्याहून कामाला येणाऱ्या मावशींवर मी ओरडलो, "पुसताना काहीतरी उपटलंत तुम्ही!"

"मी हात न्हाय लावला," त्या एवढंच म्हणाल्या.

तासाभरात नया नगरचा मेकॅनिक आला. कॉम्प्युटरच्या मागचे दोन गोल, सारखेच पोर्ट बघून हसला. "माउस की जगह कीबोर्ड, कीबोर्ड की जगह माउस! किसने लगाया?"

मी पाकीट काढून त्याचे पैसे मोजू लागलो.

भांडी घासता घासता मावशी म्हणाल्या, "माझ्याच हातून झाला असंल."

तरीही मी माझी चूक कबूल केली नाही.

कीबोर्ड आता मस्त चालतोय. उद्या मावशींना दार कुठल्या तोंडाने उघडू, सांगा.