एक ठोकळा कमी

गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या घराची पायाभरणी झाली, त्याच दुपारी शेजारच्या भाड्याच्या खोलीत माझ्या सहा वर्षांच्या मुलीनंही घर बांधायला घेतलं. प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं. निळ्या भिंती, हिरवं छप्पर, पिवळी खिडकी. सकाळी सासूबाईंनी पायाच्या खड्ड्यात हळकुंड, सुपारी आणि मूठभर धान ठेवलं, तेव्हा ही पोरगी खड्ड्याशी इतकी वाकली होती की मला तिचा फ्रॉक धरून उभं राहावं लागलं.

मी भाजी चिरत होते. दहा महिन्यांचा धाकटा एकदम खोकायला लागला. तोंड लालबुंद, आणि मुठीत एक पिवळा ठोकळा. त्याला हातावर पालथा घेऊन पाठीवर थापा मारल्या, काही पडलं नाही. मग मुलीच्या घराकडे पाहिलं. दारावर नेहमी लाल ठोकळा असायचा, तिथं बोटाच्या पेराएवढी फट होती.

"इथला लाल ठोकळा कुठं आहे?"

तिनं त्या फटीवर हात ठेवला.

"बोलून काऊन नाही राहिली? यानं गिळला का?"

ती हो म्हणेना, नाही म्हणेना, नुसती जमिनीकडे पाहत राहिली. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. दिली एक ठेवून. ती रडलीसुद्धा नाही.

नवरा, मी आणि दोन्ही पोरं एकाच गाडीवर गोंदियाच्या दवाखान्यात पोहोचलो. फोटो काढला, त्यात काहीच नव्हतं. "प्लास्टिक एक्स-रे में नहीं दिखता," डॉक्टर म्हणाले. "खांसी चालू है, रिस्क मत लो. नागपूर ले जाओ." तिथे बाळाला बेशुद्ध करून श्वासनळीत दुर्बीण घालणार होते. नवरा भाड्याची गाडी बघायला धावला. मी पोराच्या छातीला कान लावून बसले. प्रत्येक श्वासाला वाटायचं, पुढचा येतो की नाही.

तेवढ्यात मुलीनं माझी ओढणी ओढली. "मम्मी, पायातलं काढलं तं घर पडते ना?"

"कोण म्हणालं?"

"मिस्त्री. सकाळी." मग अगदी हळू, "मी माझा लाल ठोकळा तिथंच ठेवला. हळकुंडापाशी."

मी घरी फोन लावला. माझ्या सासूबाई म्हणजे त्या पायावरून कोंबडीलाही जाऊ न देणाऱ्या. मी सगळं सांगितलं. आता या मला मुहूर्त नि शास्त्र शिकवणार, म्हणून मी दात आवळले. पण त्या एवढंच म्हणाल्या, "फोन नोको ठेवू." मिस्त्री काहीतरी बोलला, त्याला त्यांनी "सरक तिकडं" म्हणून झाडलं. मग नुसता माती उकरल्याचा आवाज. धाकटा पुन्हा खोकला. मी डोळे मिटले.

"सापडला," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "लालच आहे."

मी तिथल्या फरशीवरच बसले. डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली. नुसती सर्दी होती, पण संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवायला थांबा म्हणाले. नागपूर टळलं.

मी मुलीला जवळ ओढलं. तिच्या गालावर माझी बोटं अजून उठलेली होती. म्हटलं, "नाही पडत बेटा आपलं घर."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातला अजून चालू असलेला फोन घेतला आणि कानाला लावला.

"आजी, खरंच नाही पडत ना?"