सत्तेचाळीस नंबरची गरज

ऑफिसात सगळे त्यांना चौकशीबाई म्हणत, आणि तोंडावरच म्हणत. कामच तसं होतं. सॉफ्टवेअर बांधण्याआधी ते वापरणाऱ्यांना काय हवंय ते विचारायचं आणि एकेक गरज नंबर घालून लिहून काढायची. बावीस वर्षं तेच ते विचारून बाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. घरी नवऱ्याने "भाजी कुठली करू?" म्हटलं तरी त्या म्हणत, "करा काहीही, पण मला विचारू नका."

यंदा इस्पितळाचं काम होतं. एकच अवाढव्य सॉफ्टवेअर न बांधता छोट्या छोट्या सेवा करायच्या होत्या. नोंदणीची एक, खाटांची एक, औषधांची एक, तपासण्यांची एक. प्रत्येकीची टीम वेगळी. सेवांनी एकमेकींना निरोप द्यायचे आणि काम पुढे न्यायचं. कागदावर तर दृष्ट लागावी असं होतं सगळं.

सत्तेचाळिसावी गरज वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलीच नव्हती. बाई तीन दिवस तिच्याशेजारी स्टुलावर बसल्या, तेव्हा दिसलं की पेशंटची खाट बदलली की ती चिठ्ठी लिहून औषधांच्या ट्रेवर चिकटवते. नाहीतर जुन्या पेशंटचं इंजेक्शन त्या खाटेवरच्या नव्या माणसाला जायचं.

"यात काय सांगायचं? हे आम्ही करतोच," सिस्टर म्हणाली.

बाईंनी लिहिलं : खाट बदलली की औषधांच्या सेवेला आपोआप कळलं पाहिजे.

सोमवारी सगळं सुरू व्हायचं होतं. शुक्रवारी बाईंच्या सहीसाठी तक्ता आला. सत्तेचाळीसपुढे चारही टीमची बरोबरची खूण होती. इतका एकोपा बघून बाईंना शंका आली. त्यांनी फोन लावले. खाटावाले म्हणाले, कुणी विचारलं तर आम्ही सांगतो. औषधवाले म्हणाले, कुणी सांगितलं तर आम्ही बदलतो. उरलेल्या दोघांनी 'आपला संबंध नाही' म्हणून खूण ठोकली होती. मुळात निरोप पाठवायचा कुणी, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"पुढच्या टप्प्यात घेऊ की," साहेब म्हणाले. "सिस्टर चिठ्ठ्या लावतातच ना?"

"नव्या पद्धतीत ट्रे भरून, बंद होऊन येणार. चिठ्ठी लावायची कशावर?"

भांडायचं त्राण बाईंच्यात नव्हतं. सही करणार नाही, एवढंच म्हणून त्या बसून राहिल्या. साहेब चरफडले, दोन फोन केले, आणि तारीख सहा आठवडे पुढे गेली.

बाई वॉर्डात सांगायला गेल्या. शाबासकी नको, पण सिस्टर निदान 'बसा' म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. सिस्टर उसळलीच.

"आणखी सहा आठवडे? नवीन येणार म्हणून माझ्या हाताखालच्या दोन मुली दुसऱ्या वॉर्डात पाठवल्यात. मी एकटी. एखादी चिठ्ठी राहिली तर?"

तिचं काही खोटं नव्हतं. बाईंना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त थकल्यासारखं वाटलं.

"आज किती खाटा बदलल्या?" त्यांनी विचारलं.

"सात. या, तुम्ही नावं वाचा. मी ट्रे बघते."

बाई वाचत गेल्या. पाचव्या नावाला सिस्टर थांबली. मग तिने एका ट्रेमधलं इंजेक्शन उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवलं.